आफ्टरमार्केट व्हील्सची सेंटर कॅप टिकत नाही आणि थरथरही जात नाही? आधी मधलं भोक मोजा

तक्रार बहुधा याच क्रमाने येते. स्पोर्ट्स कारला हवी तशी आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीची नसलेली, व्हील्स मिळाली, बसली, गाडी देखणी झाली. मग गाडी धुताना लक्षात येतं की एका चाकाची सेंटर कॅप (मधलं टोपण) नाही. नवी आणली, तळहाताने थापटून बसवली, तीही गेली. पुढची सिलिकॉनने चिकटवली. ती टिकली, पण टायर बदलताना उपटून काढावी लागली आणि तिचे पाय मोडले. याच काळात ताशी नव्वद-शंभरच्या पुढे स्टिअरिंगला बारीक थरथर असते. बॅलन्सिंग करून झालेलं असतं. काही दिवस बरं वाटतं, मग परत तेच.

या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत असं धरून लोक एकीसाठी कॅप विकणाऱ्याला गाठतात आणि दुसरीसाठी टायरवाल्याला. प्रत्यक्षात दोन्हींचं मूळ बऱ्याचदा एकाच जागी असतं, चाकाच्या मधल्या भोकात. या भोकात मागून हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाची, कड शिरते. कडेवर सेंटरिंग रिंग, म्हणजे कड आणि भोक यांतली फट भरणारं कडं, चढते. हबच्या तोंडावरची ग्रीसची टोपी किंवा अ‍ॅक्सलचं टोक आणखी पुढे येतं. समोरून कॅपचे पाय आत घुसतात. मूळ चाकात गाडीच्या कंपनीने ही जागा मोजूनमापून वाटून दिलेली असते. आफ्टरमार्केट चाक मात्र अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठ्या भोकाचं बनवतात आणि आतली वाटणी बसवणाऱ्यावर सोडतात. बसवणारा पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) बघतो, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) बघतो, चाक मडगार्डला घासत नाही ना एवढं बघतो. मधलं भोक कोणी बघत नाही.

कोणत्या चाकाची कॅप पडते?

कॅप विकत घ्यायच्या आधी याचं उत्तर शोधा. निम्मं निदान इथेच होतं.

फक्त पुढच्या दोन चाकांच्या कॅप पडतात आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे, तर पहिला संशय ग्रीसच्या टोपीवर घ्या. अशा गाड्यांच्या पुढच्या हबमधून अ‍ॅक्सल जात नाही, त्यामुळे बेअरिंगचं तोंड झाकायला पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची एक वाटी बसवलेली असते आणि ती बरीच पुढे येते. माझ्दा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढ्यांचे मालक या वाटीला चांगले ओळखतात. आफ्टरमार्केट चाकाची चपटी कॅप आतून या वाटीला टेकते. टेकलेली कॅप हाताने दाबली की टक आवाज करून बसते आणि बसली असं वाटतं. तिचे पाय मात्र खाचेत पूर्ण गेलेले नसतात, अर्धवट अडकलेले असतात. पुढच्या खड्ड्याला ती सुटते.

फक्त मागच्या पडत असतील तर अ‍ॅक्सलचं टोक आणि त्यावरचा मोठा नट बघा. चारही पडत असतील तर कॅपचं मापच चुकलं आहे किंवा चाकांना पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) झालं आहे. एकाच चाकाची पडत असेल तर त्या चाकाची खाच दुखावलेली आहे. बॅलन्सिंग मशीनचा शंकू कधी कधी समोरून आवळतात, आणि कॅपची कड बसते नेमक्या त्याच जागी त्याने चरा उमटतो किंवा कड आत दबते. ट्रॅकवर किंवा लांब घाटउतारानंतरच पडत असेल तर कारण उष्णता. कॅप बहुतेक वेळा एबीएस प्लॅस्टिकची असते आणि हे प्लॅस्टिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. जोरात वापरलेली ब्रेक डिस्क ५०० अंशांच्या वर सहज जाते. ती उष्णता हबमधून चाकाच्या मध्यापर्यंत झिरपते, पायांचा ताण मरतो, आणि गाडी थंड झाल्यावर कॅप बोटाने फिरवता येते. फिरणारी कॅप पडण्याच्या बेतातच असते.

टायर बदलल्यावर लगेच पडायला लागली असेल तर फारसा विचार करू नका. काढताना कॅपच्या पायांमागची तारेची गोल स्प्रिंग पडून हरवली असणार, किंवा आत उलटी बसली असणार.

कॅपची मापं एक नसून तीन

विकणारे एकच आकडा सांगतात: साठची, अडुसष्टची, पंच्याहत्तरची. तो बाहेरचा, दिसणारा व्यास. बीएमडब्ल्यूची वर्षानुवर्षं चालत आलेली कॅप ६८ मिमीची आणि मर्सिडीजची ७५ मिमीची, हे आकडे याच अर्थाने प्रसिद्ध आहेत. पण कॅप धरून ठेवतात तिचे पाय, आणि पायांच्या टोकांवरचा व्यास वेगळा असतो. बाहेरून ६० मिमीच्या दोन कॅपपैकी एकीचे पाय ५६ मिमीवर बसतात आणि दुसरीचे ५८ वर. पहिली दुसरीच्या चाकात घातली तर खुळखुळते. दुसरी पहिलीच्या चाकात गेलीच तर पाय आत वाकलेले राहतात आणि काही दिवसांत त्यांचा ताण संपतो.

म्हणून व्हर्निअर घ्या आणि चाकावर मोजा, कॅपवर नाही. जुनी कॅप मोजून नवी मागवणं हा चूक पुढे चालू ठेवण्याचा उत्तम मार्ग आहे, कारण जुनीही चुकीचीच असू शकते. चाकाच्या समोरच्या बाजूला कॅपची कड बसते त्या खळग्याचा व्यास घ्या. मग त्याच्या आतल्या, पाय जिथून जातात त्या गळ्याचा व्यास घ्या. तिसरं माप खोलीचं: कड बसते तिथपासून पायांचे आकडे (हुक) जिथे अडकतात त्या खाचेपर्यंत किती आत जावं लागतं. हे तिसरं माप कोणी घेत नाही. पाय लांब आणि खाच जवळ असेल तर कॅप वर-खाली हलत राहते. पाय आखूड असतील तर आकडे खाचेपर्यंत पोचतच नाहीत आणि कॅप फक्त घर्षणावर उभी राहते. बाहेर फेकली जायला तिला एक दणका पुरतो.

पावडर कोटिंग केलेल्या चाकांवर हिशोब बदलतो. एक थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. ८० धरला तर गळ्याच्या व्यासात दोन्ही बाजू मिळून ०.१६ मिमी कमी होतात. प्रायमर, रंग आणि क्लिअर असे तीन थर चढले की जवळजवळ अर्धा मिमी गेला. शिवाय खाचेचा कोपरा पावडरने गोल होतो आणि आकड्याला अडकायला धारच उरत नाही. खाचेतली पावडर टोकदार स्क्रेपरने काढा, धार पुन्हा मोकळी करा. कॅप बदलायची गरज बहुधा पडत नाही. कोटिंग अजून व्हायचं असेल तर गळा, नटांच्या बैठका आणि मागची टेकण्याची जागा आधी झाकून घ्यायला सांगा. शेवटच्या दोन जागांवर पावडर राहिली तर कॅपपेक्षा फार मोठी भानगड होते. दाबाखाली पावडर हळूहळू चेपली जाते आणि घट्ट केलेले नट ढिले पडतात.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवा: काही चाकांची कॅप समोरून बसतच नाही. ती मागून घालायची असते, समोरच्या बारीक ओठाला टेकते आणि तिथेच राहते. म्हणजे चाक गाडीवर चढवण्याआधी कॅप घालायची. ही कॅप समोरून रबरी हातोडीने ठोकत बसलेले लोक पुष्कळ आहेत. चाकाच्या तोंडापेक्षा कॅपची कड मोठी दिसली तर हातोडी खाली ठेवा आणि चाक उलटं करून बघा.

खोलीचा हिशोब

कॅप आतून कशाला टेकते का, हे दोन पद्धतींनी कळतं. एक आकड्यांची, एक चिकणमातीची. मी मातीवर जास्त विश्वास ठेवतो, पण आकडे आधी घ्या, कारण चाक विकत घेण्यापूर्वी हातात तेवढेच असतात.

गाडीवर, ब्रेक डिस्कच्या तोंडापासून ग्रीसच्या टोपीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. हबच्या तोंडापासून मोजू नका. चाक टेकतं ते डिस्कवर. डिस्क बदलली असेल आणि तिच्या मधल्या भागाची जाडी वेगळी असेल तर हे अंतरही बदलतं. मग चाकावर, मागच्या टेकण्याच्या जागेपासून समोर कॅपची कड बसते तिथपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून कॅपचा मधला भाग आत जेवढा घुसतो ती खोली वजा करा. उदाहरण घेऊ: टोपीचं टोक ४६ मिमीवर. चाकाची जाडी कॅपच्या कडेपर्यंत ५२ मिमी. कॅपचा पोटाचा भाग ८ मिमी आत येतो. ५२ वजा ८ म्हणजे ४४. टोपी ४६ वर. कॅप २ मिमी उचललेली राहणार, पाय कितीही चांगले असोत.

खोल, आत वळलेल्या स्पोक्सची चाकं घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. चाकाचा मध्य जितका आत खेचलेला, तितकी मधली जाडी कमी आणि कॅपची बैठक हबच्या तितकी जवळ. दिसायला सगळ्यात देखणं चाक आणि कॅप न टिकणारं चाक एकच निघतं ते यामुळे.

आता माती. मुलं खेळतात ती न वाळणारी मॉडेलिंग क्ले चालते. कॅपच्या पोटात एक जाडसर गोळा लावा, वर प्लॅस्टिकची पातळ पिशवी ठेवा म्हणजे ग्रीसच्या टोपीला चिकटणार नाही. चाक नीट बसवा, नट घट्ट करा, कॅप दाबा, काढा. माती सर्वांत जिथे पातळ झाली तिथली जाडी म्हणजे तुमची मोकळी जागा. माती फाटून प्लॅस्टिक उघडं पडलं तर कॅप टेकते. २-३ मिमी शिल्लक असलेलं बरं, कारण कॅपचं पोट उन्हात आणि ब्रेकच्या उष्णतेत थोडं सैल पडतं. चारही चाकांना हे करा. पुढचे-मागचे हब वेगळे असतात, आणि मागच्या दोहोंवरून पुढच्यांचा अंदाज बांधता येत नाही.

टेकत असेल तर पहिला उपाय उंच कॅप. काही उत्पादक एकाच चाकासाठी चपटी आणि उंच अशा दोन कॅप देतात, दुसरी मागवा. ती मिळत नसेल तर पोट नसलेली, मधून उघडी कॅप घ्या आणि ग्रीसची टोपी काळी रंगवून टाका. खोटं वाटेल, पण दोन पावलांवरून फरक दिसत नाही. ग्रीसची टोपी कापू नका, काढून टाकू नका, हातोडीने चेपू नका. तिच्यामागे बेअरिंग आहे, आणि पाणी-कचरा आत गेला की ते आवाज करू लागतं. कॅप नसलेलं चाक चालतं. बेअरिंगशिवाय नाही.

स्पेसर, म्हणजे चाकाच्या मागे बसणारी चकती, घालून चाक बाहेर आणणं हा उपायही सुचवला जातो. ५ मिमीचा स्पेसर कॅपला ५ मिमी जागा देतो, हे खरं. पण तेवढीच हबची कड चाकाच्या भोकातून मागे जाते आणि तेवढेच स्टडचे (नट ज्यावर चढतो त्या खुंटीचे) आटे कमी होतात. नट किमान स्टडच्या व्यासाएवढा तरी आट्यांवर चढला पाहिजे. एम १२ × १.५ ला (१२ मिमी व्यास, दर फेऱ्याला १.५ मिमी) म्हणजे आठ पूर्ण फेरे, एम १२ × १.२५ ला साडेनऊच्या वर, एम १४ × १.५ ला नऊच्या वर. बोटाने नट फिरवून फेरे मोजा. कमी पडत असतील तर लांब स्टड घाला, नाहीतर स्पेसर विसरा. एका प्लॅस्टिकच्या टोपणासाठी आटे कमी करणं मला पटत नाही.

रिंग: थरथरीचं घर, आणि कधी कधी कॅपचंही

आफ्टरमार्केट चाकाचं भोक ७३.१ मिमीच्या आसपास असतं, कारण मग ते बहुतेक हबवर जातं. हबचे आकडे मात्र विखुरलेले आहेत. एमएक्स-५ च्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या पिढीचा हब ५४.१, तिसरीचा ६७.१. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडचा ५६.१. निस्सान ३७०झेडचा ६६.१. पोर्शे ९११ चा ७१.६. जुन्या बीएमडब्ल्यूंचा ७२.६. ८६ वर ७३.१ चं चाक चढवलं तर १७ मिमीचा फरक, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेआठ मिमीची रिंग. ती घातली नाही तर चाक हबवर टेकत नाही, नटांवर लोंबतं.

शंकूच्या आकाराचे नट चाकाला मध्यावर आणतात, हे खरं आहे. पण चाक हवेत असताना, ताऱ्याच्या क्रमाने, थोडं थोडं करत आवळले तरच. जमिनीवर टेकवून एक नट एकदम घट्ट केला की चाक खाली सरकून तिथेच अडकतं. पाव मिमी सरकलं तर फिरताना अर्धा मिमी वर-खाली होतं, आणि तेवढ्याची थरथर स्टिअरिंगमध्ये येते. बॅलन्सिंग मशीनवर चाक भोकातल्या शंकूने बरोबर मध्यावर धरलेलं असतं, म्हणून मशीन शून्य दाखवते. दोष चाकात नसून बसवण्यात असतो. पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून फरक पडत नाही, त्याचं हे कारण.

रिंग भार उचलत नाही, हेही सांगून टाकतो, कारण प्लॅस्टिकची रिंग की अ‍ॅल्युमिनियमची यावर बरेच वाद झडतात. भार उचलतं ते नटांनी दाबलेल्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. रिंगचं काम चाक आवळेपर्यंत मध्यावर धरण्याचं. रस्त्यावरच्या गाडीला पॉलिकार्बोनेटची रिंग पुरते आणि ती हबला गंजून चिकटत नाही. ट्रॅकवर ती उष्णतेने मऊ पडून पसरू शकते. तिथे अ‍ॅल्युमिनियमची घ्या आणि हबच्या कडेवर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात फिरवा. नटांच्या आट्यांवर तो लावू नका, टॉर्कचा आकडा खोटा पडतो.

आता कॅपशी संबंध. काही चाकांच्या भोकात मागे पायरी असते, रिंग तिला टेकून थांबते. काहींत भोक आरपार सरळ असतं. अशा चाकात चाक चढवताना रिंग हबवर न राहता पुढे सरकत जाते आणि कॅपच्या पायांच्या वाटेत येते. पायांना वाकून आत जायला जागा उरत नाही, किंवा गेले तरी रिंग त्यांना बाहेर ढकलत राहते. म्हणजे थरथर घालवायला घातलेली रिंग कॅप उडवते, आणि मग कोणीतरी कॅप बसावी म्हणून रिंगच काढून टाकतं. थरथर परत. हे दोन आजार एकमेकांची जागा घेत राहतात ते असं. सरळ भोकाच्या चाकाला मागे बाहेरची कड असलेली रिंग लागते, जी चाकाच्या पाठीला अडकते आणि आत घसरत नाही. त्या कडेची जाडी चाकाच्या मागच्या चँफरमध्ये (भोकाच्या तिरक्या कापलेल्या कडेत) मावते का तेही बघा. नाही मावली तर चाक डिस्कवर सपाट बसणार नाही.

सपाट बसतं का, हे कसं कळणार? डिस्कच्या तोंडावर मार्करने आडव्या-उभ्या रेषा मारा, चाक बसवा, टॉर्क करा, काढा. चाकाच्या पाठीवर सगळीकडे शाई लागली पाहिजे. एका बाजूला नसेल तर मध्ये काहीतरी आहे. नेहमीचे गुन्हेगार: हबवरचा गंज (तारेचा ब्रश), नव्या गाडीत डिस्क धरायला स्टडवर घातलेले पत्र्याचे पातळ वॉशर (उपटून फेकून द्या, त्यांचं काम कारखान्यातच संपलेलं असतं), आणि डिस्कचा वर आलेला स्क्रू.

नट, आटे आणि पीसीडी

इथे थोडक्यात आटपतो, कारण हे बहुतेकांना माहीत असतं आणि तरी एक-दोन सापळे उरतात.

टोयोटा ८६ ला टोयोटाचे नट बसत नाहीत. टोयोटा, होंडा, माझ्दा बहुधा एम १२ × १.५ वापरतात, ८६ सुबारूने बांधलेली असल्याने तिचे आटे एम १२ × १.२५, पीसीडीही सुबारूची ५ × १०० (पाच भोकं, १०० मिमीच्या वर्तुळावर). चुकीचा नट दोन-तीन फेरे जातो आणि मग जड होतो. त्या क्षणी थांबलात तर वाचलात. नट आवळायच्या गनने पुढे रेटला तर स्टड गेला. नव्या जीआर सुप्राचं तसंच बीएमडब्ल्यूशी नातं: ५ × ११२, ६६.६ चा हब, आणि स्टड नव्हे तर बोल्ट.

५ × १२० आणि ५ × १२०.६५ एकच नाहीत. दुसरी कॉर्व्हेटची, सातव्या पिढीपर्यंतची. फरक वर्तुळाच्या व्यासात अर्ध्या मिमीच्या थोडा वर आहे, नट लागतातही, पण शंकू आपल्या बैठकीत एका कडेवरच चढतात. काही अंतर चालवल्यावर ढिले.

बैठकीचा आकार बघा. होंडाच्या मूळ नटांची बैठक गोल असते, पोर्शेच्या मूळ बोल्टचीही. टोयोटाच्या मूळ अलॉय चाकांत पुष्कळदा सपाट वॉशरवाला नट असतो. आफ्टरमार्केट चाकं बहुतांश ६० अंशांच्या शंकूची. मूळ नट त्यांत वापरले तर फक्त एका रेषेवर टेकतात. टॉर्क रेंच टक करतो, तुम्ही खूश; पण दाब आलेलाच नसतो.

टॉर्क (नट आवळायचा जोर) किती, हे गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. एम १२ ला साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर, एम १४ चे आकडे गाडीनुसार १३० पासून २०० पर्यंत जातात. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर, चाकं थंड असताना, पुन्हा एकदा. नव्या रंगाच्या चाकांना ही फेरी दोनदा करा.

ऑफसेटबद्दल एकच उदाहरण. ८६ चं मूळ १७ इंची चाक ७ इंच रुंद, ईटी (म्हणजे ऑफसेट, मिमीत) ४८. त्याजागी साडेआठ इंच रुंद, ईटी ४५ चं चाक आलं तर रुंदी ३८.१ मिमीने वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १९ मिमी. त्यात ईटीचे ३ मिमी. चाक बाहेर २२ मिमी जाईल आणि आत शॉकअपकडे १६. आत किती जागा आहे ते कागदी साचा ठेवून मोजा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवूनही. ब्रेक कॅलिपरला मात्र ईटीवरून तपासू नका. तो स्पोकच्या आकारावर अडतो, आणि त्यासाठी उत्पादकाचा ब्रेक साचाच लागतो.

चिकटवायचं की नाही?

माप बरोबर आहे, आत जागा आहे, तरी कॅप सैल आहे, असं क्वचित होतं. जुन्या चाकाची खाच झिजलेली असते. तेव्हा न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचे तीन-चार ठिपके पायांच्या बाहेरच्या बाजूला लावा, अख्खी गोल रेघ नको. अ‍ॅसिटिक सिलिकॉन, म्हणजे व्हिनेगरसारखा वास येणारं, उघड्या अ‍ॅल्युमिनियमला गंजवतं. सुपरग्लू कडक होऊन तडकतो आणि क्लिअर कोट उचलून काढतो. तारेची स्प्रिंग असलेल्या कॅपमध्ये स्प्रिंग बाहेर काढून तिचं तोंड किंचित उघडलं तर बऱ्याचदा सिलिकॉनची गरजच उरत नाही. किंचितच. जास्त उघडली की स्प्रिंगचं पोलाद कायमचं ताण सोडतं.

टेकणारी कॅप मात्र कधीही चिकटवू नका. ती आतून सतत दाबली जात असते, आणि सुटते तेव्हा वेगात सुटते. ट्रॅकवर जाणार असाल तर कॅप घरीच काढून ठेवा. बहुतेक ट्रॅक-डेच्या तपासणीत त्या काढायलाच सांगतात.

सगळं करूनही थरथर राहिली, तर

भोक, रिंग, नट आणि बैठका तपासून झाल्या, तरी हात थरथरतो आहे. आता चाकं पुढची मागे करा. पुढे-मागे वेगळ्या रुंदीची असतील तर हे जमणार नाही. मग मूळ चाकं परत चढवून बघा. अदलाबदलीनंतर थरथर स्टिअरिंगमधून निघून सीटमध्ये आली, किंवा मूळ चाकांवर गेलीच, तर दोष चाकात किंवा टायरात: रिम वाकलेलं, नाहीतर टायर गोल नाही. चाक हवेत फिरवून रिमच्या आतल्या कडेला डायल गेज लावा. वाकलेली कड बहुधा आतली असते, म्हणून बाहेरून दिसत नाही. थरथर जिथल्या तिथे राहिली तर चाकांचा पिच्छा सोडा आणि बेअरिंग, बुश, टाय रॉडची टोकं बघा. आणि ती फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर तिचा या सगळ्याशी काही संबंध नाही, डिस्क मोजायला घ्या. ती मोजायच्या आधी तिच्या आणि हबच्या मधला गंज साफ करा, नाहीतर चांगली डिस्कही वाकडी मोजली जाते.